रोज पाच मिनिटं

४ ऑक्टोबर

प्रिय ठिणगी,

तुझ्या दादाची गाडी रुसली आहे. बटन दाबलं की सीटखालून नुसतं कट्-कट्-कट् वाजतं आणि समोरचा दिवा मिणमिणतो. बॅटरी दोनदा दुकानात नेऊन चार्ज करून आणली. आणली की चार दिवस झकास, आठव्या दिवशी पुन्हा तेच कट्-कट्. किक आहे, पण माझ्या गुडघ्याने किकशी कायमची कट्टी घेतली आहे.

आज फोनवर तुला हेच सांगत होते, तर म्हणालीस, "वहिनी, लिहून पाठव." अगं, मी तुझी वहिनी आहे, गिऱ्हाईक नाही! पण तुझ्या वर्कशॉपचा नियम मला ठाऊक आहे. मालकाने स्वतःच्या हाताने तक्रार लिहिल्याशिवाय तू गाडीला बोट लावत नाहीस. तर घे लिहून. किलोमीटर ४१,३८६. रोज चालते, चष्म्याच्या दुकानात जाऊन-येऊन. दुसरी काही तक्रार नाही.

आता घाई का ते सांगते. छोटू भावोजी एक डिसेंबरला सकाळी दहाला टेम्पो घेऊन येणार आहेत. त्यांचं म्हणणं, दादाला जाऊन दीड वर्ष झालं, गाडी डोळ्यांसमोर असली की वहिनी झुरते, तर ती कुणा गरजूला द्यावी. त्यांच्या ओळखीचे एक मास्तर आहेत, त्यांना हवी आहे. भावोजी मनाने वाईट नाहीत हे तुला मी काय सांगायचं, पण मला राग आला आणि मी बोलून बसले, "त्या दिवशी गाडी बटनावर चालू झाली तर ती इथेच राहील. नाही झाली तर खुशाल घेऊन जा." तेव्हा मोठ्या तोऱ्यात बोलले, आता पस्तावते आहे. ठिणगी, मला ती गाडी जाऊ द्यायची नाही. बघ काहीतरी.

तुझी,
वहिनी


९ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

गिऱ्हाइकांना लिहायला लावते त्याला कारण आहे. तोंडाने सगळे एकच सांगतात, "मी काही केलं नाही हो, आपोआप बंद पडली." पेन हातात दिलं की मान खाजवतात, आणि मग हळूच कागदावर उतरतं की पुतण्याने हॉर्नची वायर ओढून बघितली होती. लिहिताना माणसाला थापा मारणं जड जातं. वीस वर्षांचा अनुभव आहे माझा.

आता नीट वाच. कट्-कट् वाजतं म्हणजे बटन ठीक आहे, रिले ठीक आहे. रिले म्हणजे बटनाचा निरोप स्टार्टरला पोचवणारा डबा. त्याला निरोप मिळतोय, पण पुढे ढकलायला ताकद नाही. म्हणजे एकतर बॅटरीत दम नाही, नाहीतर तिच्या टोकांवर मळ आहे. सीट काढ. दोन्ही टोकं बघ. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर आधी वायरी सोडव, काळी आधी आणि लाल नंतर. जुन्या टूथब्रशने आणि गरम पाण्याने घास, पुसून कोरडं कर, आणि लावताना लाल आधी, काळी नंतर. घट्ट पिळ. चष्म्याचे स्क्रू पिळतेस तसं नाजूक नको, जरा रागाने.

सोबतच्या पार्सलमध्ये व्होल्ट मोजायचं मीटर आहे. तीन आकडे हवेत. गाडी बंद असताना बॅटरीवर किती व्होल्ट, इंजिन मंद चालत असताना किती, आणि रेस दिल्यावर किती. भरलेली बॅटरी साडेबाराच्या वर असते. रेस दिल्यावर चौदाच्या आसपास दिसायला हवं. दिसलं नाही, तर गाडी बॅटरीला भरवतच नाहीये.

छोटूकडे लक्ष देऊ नकोस. चाळिशी आली, पोट सुटलं, तरी त्याला वाटतं घरातला निर्णय त्यानेच घ्यावा.

तुझी,
ठिणगी


१८ ऑक्टोबर

प्रिय ठिणगी,

सीट काढली. टोकांवर एवढी भुकटी होती की मला माझीच लाज वाटली. घासलं, पुसलं, रागाने पिळलं. राग आणायला भावोजींचा टेम्पो आठवला, अगदी उपयोगी पडला.

मग मीटर लावलं, तर आकडा आला उणे अकरा! मला वाटलं, आता बॅटरीच उलट माझ्याकडे वीज मागते आहे. अर्धा तास पंख्याखाली बसल्यावर लक्षात आलं की मी लाल-काळ्याची अदलाबदल केली होती. हसू नकोस.

तर आकडे असे. गाडी बंद असताना ११.८. मग बॅटरी पुन्हा दुकानात नेऊन भरून आणली, तेव्हा १२.७. गाडी लगेच चालू झाली, पहिल्याच बटनाला, आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मंद चालताना, दिवा लावून, १२.३. रेस दिल्यावर १४.२. हे चांगलं की वाईट ते तू ठरव, मला तर मीटरवर आकडा दिसला यातच आनंद झाला.

तू कधी येतेस? स्वतःच येऊन बघितलंस तर पोस्टाचे एवढे हेलपाटे वाचतील. बसने तीनच तास लागतात.

तुझी,
वहिनी


२३ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

शाब्बास. १४.२ म्हणजे चार्जिंग ठणठणीत आहे. आतलं वीज बनवणारं कॉइल मजेत, ती मापात ठेवणारा रेग्युलेटर मजेत. चालू गाडी बॅटरीला पोटभर भरवते आहे. मग बॅटरी उपाशी का राहते? उभ्या गाडीत कुठेतरी गुपचूप वीज जात असणार. चोर शोधायचा आहे.

असं कर. किल्ली बंद. बॅटरीची काळी वायर सोडव. मीटरची लाल तार त्याच्या दुसऱ्या भोकात घाल, कडेचं, ज्यावर ए लिहिलंय. मग मीटरचं एक टोक सोडवलेल्या वायरीला आणि दुसरं बॅटरीच्या काळ्या टोकाला. म्हणजे जी काही वीज जाईल ती मीटरमधूनच जाईल. आकडा जवळजवळ शून्य असेल तर चोर नाही. मोठा असेल तर फ्यूज एकेक काढून बघ, ज्यावर आकडा पडेल तिथे चोर.

किलोमीटरही पुन्हा लिही, मला प्रत्येक कार्डावर लागतात.

इथे कामाचा ढीग आहे. मला इतक्यात निघता येणार नाही.

तुझी,
ठिणगी

ता. क. मीटर असं जोडलेलं असताना चुकूनही स्टार्टचं बटन दाबू नकोस.


२ नोव्हेंबर

प्रिय ठिणगी,

एवढी महत्त्वाची गोष्ट माणूस ता. क. मध्ये लिहितं का? मी पत्र हातात धरून एकेक ओळ वाचत एकेक काम करत होते. शून्य दिसलं, आनंद झाला, आणि म्हटलं चोर नाही तर गाडी चालू होतेय का बघू. किल्ली फिरवली, बटन दाबलं. मीटरमध्ये टक्क झालं आणि पडदा कोरा. मग उरलेली ओळ वाचली.

पण घाबरू नकोस. चष्म्याच्या पेचकसाने मीटर उघडलं. आत काचेची इवलीशी नळी होती, तिच्यातली तार जळून गेली होती. रेडिओवाल्याकडून तशीच दुसरी आणून बसवली. तू म्हणतेस ना नाजूक हात? मीटर आता तुझ्याकडे होतं त्याहून नीट चालतंय. पुन्हा मोजलं, पुन्हा शून्य. चोर नाही.

पण काल सकाळी पुन्हा कट्-कट्. मीटरवर ११.९. ठिणगी, मला आता रडू येतंय. सगळं ठीक आहे म्हणतेस, मग बॅटरी बसते का? एक महिनाही राहिला नाही. किलोमीटर ४१,३८६.

तुझ्या ढिगाची गोष्ट मी दीड वर्ष ऐकते आहे. केवढा आहे गं तो ढीग?

तुझी,
वहिनी


६ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

चोर सापडला. छोटू! तोच येता-जाता किल्ली फिरवून ठेवत असणार, म्हणजे दिवसभर दिवा जळतो, बॅटरी बसते आणि एक तारखेला साहेबांचा टेम्पो भरतो. आज सकाळीच त्याला फोन करून असा झाडलाय की विचारू नकोस. तो म्हणाला, "ताई, मी दोन महिन्यांत तिकडे फिरकलोही नाही." मी म्हटलं, खोटारड्या. त्याने फोन ठेवला.

चहा पिऊन पुढे लिहिते. तुझी सगळी पत्रं टेबलावर मांडली आहेत, कारण त्याच्याविरुद्ध पुरावा हवा.

वहिनी.

चार ऑक्टोबरच्या पत्रात किलोमीटर ४१,३८६. दोन नोव्हेंबरच्या पत्रात किलोमीटर ४१,३८६.

दुकान तुझ्या घरापासून चार किलोमीटरवर आहे. रोज चालते म्हणालीस. महिन्यात एक आकडासुद्धा हलला नाही? किलोमीटरच्या काट्याची केबल तुटली असं लिहू नकोस, मागच्या वर्षी मीच नवी पाठवली होती आणि तू मेकॅनिककडून बसवून घेतलीस.

गाडीत काहीही बिघाड नाही. तू ती चालवतच नाहीस. आणि मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले की लिहिताना माणसाला थापा मारणं जड जातं! माझ्या वहिनीने पहिल्याच पत्रात तोंडघशी पाडलं मला.

मी रागावलेले नाही. म्हणजे जरा रागावले आहे. आता खरं लिही. गाडीचं तू रोज नेमकं काय करतेस?

तुझी,
ठिणगी

ता. क. छोटूची माफी मागावी लागणार. देवा!


११ नोव्हेंबर

प्रिय ठिणगी,

आकडा मी इमानदारीने बघून लिहिला होता. बघताना मलाच कळलं नाही की मी स्वतःला पकडून देते आहे.

दुकानात मी बसने जाते. संध्याकाळी घरी आले की व्हरांड्यात गाडी चालू करते. तुझा दादा म्हणायचा ना, गाडी नुसती उभी ठेवली की खराब होते. म्हणून रोज पाच मिनिटं चालू ठेवते. दिवा लावते. दिव्याचा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो, आणि असं वाटतं की घरी आत्ताच कुणीतरी आलंय. मग मी मागच्या सीटवर बसते. पुढे नाही, मागेच. पाच मिनिटं झाली की उतरते, किल्ली फिरवते आणि भाजी चिरायला घेते.

मला चालवता येते, लायसन्स आहे, त्यानेच शिकवलं होतं. मैदानात चकरा मारायचे तेव्हा तो धावत मागे येत ओरडायचा, क्लच, क्लच. पण चोवीस वर्षं मी रस्ता बघितला तो त्याच्या खांद्यावरून. पुढे बसले तर समोर काहीच नसणार. तेवढंच झेपत नाही. दोनदा पुढे बसूनही पाहिलं, लगेच उतरले.

भावोजी बरोबरच म्हणत होते, मी झुरते. पण गाडी गेली तर ती पाच मिनिटंही जातील. म्हणून खोटं लिहिलं. तुला वाटलं असतं, चालवायचीच नाही तर ठेवायची कशाला.

आता तुझी पाळी. माझी सगळी पत्रं टेबलावर मांडलीस, तशी तुझीही मी मांडली. प्रत्येकात ढीग आहे. तू तुझ्या दादाच्या घरी का येत नाहीस?

तुझी,
वहिनी


१५ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

आधी गाडीचं लिहिते, ते मला सोपं जातं.

स्टार्टर फिरवायला बॅटरीतून भसकन वीज जाते. तांब्याभर पाणी काढलं म्हण. ते परत भरायला गाडी रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं वेगात चालावी लागते. तू पाच मिनिटं मंद ठेवतेस, वर दिवा लावतेस. १२.३ आठवतंय ना? त्या वेळी बॅटरीत जवळजवळ काहीच भरत नाही. म्हणजे रोज संध्याकाळी तू तिच्यातून तांब्या काढतेस आणि परत चमचाभर घालतेस. आठ दिवसांत ती कोरडी पडणारच. इतक्या मायेने बॅटरी मारणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

इलाज एकच. बॅटरी शेवटची भरून आण आणि गाडी बाहेर काढ. रोज वीस किलोमीटर. पाच मिनिटं चालू ठेवणं बंद. चालव नाहीतर हात लावू नकोस.

आता माझं. ढीग वगैरे काही नाही. दवाखान्यातून दादाला शेवटचं घरी आणलं तेव्हा मी व्हरांड्यात गाडीपाशीच बसून होते, आत आलेच नाही, तुला आठवत असेल. त्याने मला दहाव्या वर्षी हातात पाना दिला. घरात सगळे नको म्हणत असताना वर्कशॉप काढून दिलं. ठिणगी हे नावही त्याचंच. मला त्या घराच्या दारात उभं राहून तो नाही हे बघायचं नव्हतं. म्हणून मी तुला मीटर पाठवलं, केबल पाठवली, पत्रं पाठवली, आणि स्वतः आले नाही. तू मागच्या सीटवर बसून होतीस आणि मी इथे ढिगामागे. मला तुझी फार आठवण येते गं.

एक तारखेला येईन असं लिहीत नाही. लिहिलं की यावं लागतं.

तुझी,
ठिणगी


२६ नोव्हेंबर

प्रिय ठिणगी,

तुझं पत्र वाचून पोटभर रडले आणि मग हेल्मेटवरची धूळ पुसली.

पहिल्या दिवशी फाटकापर्यंत गेले आणि गाडी बंद पडली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावर वळले खरी, पण सिग्नल बंद करायचा राहिला आणि अख्खा रस्ताभर मी डावीकडे वळणार असल्याची जाहिरात करत सरळ गेले. मागचा टॅक्सीवाला वैतागून म्हणाला, "काकू, वळा तरी एकदाच्या!" मग पुढच्या गल्लीत वळलेच, त्याचं मन राखायला. ती गल्ली बंद निघाली.

समोर खरंच काही नसतं. पहिले दोन दिवस त्याचीच धास्ती होती. मग खड्डे दिसायला लागले, आणि खड्डे चुकवताना दुसरं काही सुचत नाही हे एक बरं असतं. चौकात मात्र अजून घाम फुटतो. दुकानापर्यंत जायची हिंमत झालेली नाही, तिथे मोठा चौक लागतो.

कालपर्यंत पंचेचाळीस किलोमीटर झाले. आज सकाळी मीटर लावलं, १२.६. पण बटनाची खात्री मला अजून वाटत नाही. एक तारखेला सगळ्यांसमोर कट्-कट् झालं तर मी शब्दाला जागून गाडी देईन, आणि मग मला काय होईल ते मला माहीत नाही.

तुझी,
वहिनी


४ डिसेंबर

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचले. तिथे तीन दिवस आपण तिघं इतकं बोललो की मुख्य गोष्ट सांगायचीच राहून गेली. तू येण्याआधी काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसणार. छोटू तर मेला तरी सांगणार नाही. म्हणून लिहिते.

रविवारी मी साडेनऊच्या बसने उतरले. फाटकापाशी थांबले. डोळे मिटून आत शिरले आणि उघडले, तर व्हरांड्यात गाडी नाही. फरशीवर तेलाचा डाग तेवढा. ज्या रिकाम्या जागेला मी दीड वर्ष घाबरत होते ती हीच, आणि पायरीवर छोटू गालाला हात लावून बसलेला. बाहेर त्याचा टेम्पो उभा. मी त्याची कॉलरच धरली. "दहाच्या आधीच नेलीस होय रे? कुठे आहे गाडी?" तो म्हणाला, "ताई, टेम्पोत बघ! मी आलो तेव्हाच नव्हती. वहिनीने लपवली असणार." टेम्पो रिकामा होता. महिन्यात दुसऱ्यांदा माफी मागितली त्याची.

दाराला कुलूप. आम्ही दोघं पायरीवर बसलो. तू दुकानात गेली असशील हे आमच्या डोक्यातही आलं नाही. कुणा आजोबांना रविवारीच चष्मा हवा होता आणि तू चौक ओलांडून तो द्यायला गेलीस, हे तू नंतर सांगितलंस. आम्ही नुसते बसून होतो. लहानपणी दादाच्या येण्याची वाट बघत बसायचो ना, तसे.

मग रस्त्याच्या टोकाकडून आवाज आला. तो आवाज मी हजार गाड्यांत ओळखेन. दुसऱ्या गिअरला जरा घरघरतो, मग वळणावर रेस सोडली की मोकळा होतो. छोटू ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "दादा आला."

म्हणाला आणि जीभ चावली. माझ्याकडे बघेना. माझ्याही तोंडातून तेच निघणार होतं, तो फक्त माझ्याआधी बोलला.

आणि मग तू वळलीस. हेल्मेट जरा वाकडं, ओठ घट्ट मिटलेले, नजर सरळ रस्त्यावर. आम्ही दिसल्यावर थांबायचं कसं ते विसरलीस आणि फाटकापुढे दहा पावलं निघून गेलीस. नंतर छोटू म्हणाला, "वहिनी, बटनावर चालू करून दाखवायचं ठरलं होतं," तर तू म्हणालीस, "आधी बंद तर करू द्या भावोजी!" आणि आपण तिघं हसत सुटलो. गाडी पहिल्याच बटनाला चालू झाली, छोटूचा टेम्पो रिकामाच गेला, आणि या सगळ्यात मला जे बोलायचं होतं ते राहून गेलं.

ते हे. दादा नव्हता आला. तू आली होतीस. आणि वहिनी, आईशपथ सांगते, मला वाईट वाटलं नाही. मला तुलाच बघायचं होतं.

तुझी,
ठिणगी